बिनकठड्याचा स्लॅब



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या कार्यक्षेत्रात दोन गोष्टींचा धडाका सुरू होतो. एक लग्ने आणि दुसरी बांधकामे. इकडे गाळप संपून बॉयलर थंड होतो, कारखान्यात ओव्हरहॉलिंगची ठोकाठोक सुरू होते आणि तिकडे वस्त्यावस्त्यांवर सेंटरिंगच्या फळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या फिरू लागतात. पाऊस लागायच्या आत स्लॅब उरकला पाहिजे, ही सगळ्यांचीच घाई. ‘स्लॅब पडला का?’ असे आपण एकमेकांना विचारतो आणि ‘पडला’ असे उत्तर आले की पेढे मागतो. आपल्या बोलीची ही गंमत खरी. पण त्याच स्लॅबवरून माणूस पडला, ही बातमीही याच दिवसांत कानावर येते आणि तिच्यात गंमत काही नसते.

बांधकामावरचे अपघात म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याच्या वीस-वीस मजली इमारती येतात. आपले घर ते केवढे, दहा फुटांचे. तिथून पडून पडून काय होणार, असा आपला समज. आता हिशेब बघा. दहा फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीवर यायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास असतो. मोटारसायकल त्या वेगाने थेट भिंतीवर घालावी, तसाच हा प्रकार. वीस फुटांवरून पडल्यास वेळ लागतो फक्त एक सेकंद आणि वर थोडा, आणि वेग होतो ताशी एकोणचाळीस. तोल गेला हे डोक्याला कळून हात हलेपर्यंत पाव सेकंद गेलेला असतो. ‘मी धरीन की कशाला तरी’ असे जो म्हणतो, त्याला धरायला ना वेळ असतो ना धरण्यासारखे काही. खाली माती असती तर एक वेळ ठीक. पण बांधकामाच्या भोवती माती कुठे असते? तिथे विटांचा ढीग, खडी, तोडलेल्या गजांचे तुकडे आणि कॉलमचे उभे राहिलेले टोकदार गज असतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार आहे. स्लॅब पडतो, फळ्या निघतात, खाली घरभरणी होते, आणि वर कठडा बांधायचा राहून जातो. मिस्त्री विचारतो, “मालक, पॅराफिट घ्यायचं का?” मालक म्हणतात, “आत्ता नको, पोराच्या लग्नाला वरचा मजला चढवायचाच हाय. पुन्हा पाडायला कशाला बांधायचं?” बोलणे व्यवहाराचे आहे. पण पोरगा चौथीत असतो. म्हणजे पंधरा वर्षे तो स्लॅब तसाच, चारी बाजूंनी उघडा, कोपऱ्यांतून कॉलमचे गज आकाशाकडे बघत उभे. आणि त्या पंधरा वर्षांत त्या गच्चीवर काय होत नाही? ज्वारी वाळते, पापड-कुरडया वाळतात, पोरे पतंग उडवतात, आणि चैत्र-वैशाखात सगळे घर वर झोपायला जाते. रात्री झोपेतून उठलेला माणूस दिशा विसरतो. जिना डाव्या अंगाला, की उजव्या? घरच्या माणसाला तरी सवय असते, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या लेकरांना नसते.

काही जण कठडा बांधतात, पण दीड फुटांचा. बसायला बरा पडतो म्हणून. खरे सांगायचे तर हा दीड फुटी कठडा कधी कधी नसण्यापेक्षा वाईट. माणसाच्या शरीराचा तोल बेंबीच्या आसपास सांभाळला जातो. साडेपाच फुटी माणसाच्या बाबतीत हा बिंदू जमिनीपासून तीन फुटांच्या किंचित वर असतो. अडवणारी भिंत त्याच्या वर असेल, तर माणूस तिच्यावर आपटतो आणि आतच राहतो. भिंत गुडघ्याएवढी असेल तर ती पायाला अडकवते आणि वरचे धड बाहेर फेकते. पैलवान पायात पाय घालून टांग मारतो, त्यातलाच हा डाव. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेत गच्चीच्या कठड्याची उंची एक मीटरपेक्षा, म्हणजे सव्वातीन फुटांपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. ही उंची कुणाच्या मनाला आली म्हणून ठरलेली नाही, माणसाच्या अंगावरून ठरलेली आहे.

आता प्रत्यक्ष बांधकामाच्या दिवसांकडे येऊ. पडण्याचा सगळ्यात मोठा धोका स्लॅब ओतायच्या दिवशी असतो असे आपल्याला वाटते. त्या दिवशी गर्दी असते, मिक्सरचा आवाज असतो, काम रात्रीपर्यंत लांबते आणि हॅलोजनच्या उजेडात कडेचा भाग अंधारात राहतो, हे खरेच. पण त्या दिवशी सगळ्यांचे लक्षही असते. माणसे जास्त करून पडतात ती त्याच्या आधी आणि नंतर. आधी, म्हणजे सेंटरिंगच्या वेळी. प्लाय किंवा पत्रा टेकूवर नुसता ठेवलेला असतो, खिळा मारलेला नसतो, आणि त्याचे एक टोक टेकूच्या बाहेर लोंबत असते. त्या टोकावर पाय पडला, की लहान मुलांच्या बागेतल्या फळीसारखे दुसरे टोक वर येते आणि माणूस फळीसकट खाली जातो. जुने सेंटरिंगवाले नव्या पोराला पहिल्याच दिवशी ‘खिळा बघून पाय टाक’ असे बजावतात ते यासाठीच.

नंतर, म्हणजे पाणी मारण्याच्या दिवसांत. इथे मात्र कामगार नसतो, आपण स्वतः असतो. गवंडी आळी करून देतो आणि जातो. साध्या सिमेंटच्या स्लॅबला किमान सात दिवस, आणि पीपीसी सिमेंट व कडक ऊन असेल तर दहा ते चौदा दिवस पाणी ठेवावे लागते. हे काम घरातल्या कुणावर तरी पडते. बहुतेक वेळा म्हाताऱ्या वडिलांवर, नाहीतर शाळेतून आलेल्या पोरावर. एका हातात पाइप, तोंड आळ्याकडे आणि पावले मागे मागे. पाइप ओढत उलटे चालणारा माणूस कडेकडे जातोय हे त्याला कळणार कसे? स्लॅब ओला, त्यावर सिमेंटची मलई धरलेली, पायात झिजलेली चप्पल. आमच्या मते कठड्याची खरी गरज या चौदा दिवसांत जितकी असते तितकी पुढे कधीच नसते, आणि नेमका त्याच दिवसांत तो कुठेही नसतो.

मग करायचे काय? पक्की भिंत लगेच बांधायला मिळत नाही हे मान्य. पण तात्पुरता कठडा करायला फार काही लागत नाही. स्लॅबचे गज बांधून झाले, की कडेच्या बीममध्ये दर सहा-सात फुटांवर प्लॅस्टिक पाइपचे दोन इंची तुकडे उभे बसवून ठेवावेत, त्यांत काँक्रीट जाऊ नये म्हणून तोंडाला बोळा कोंबावा. स्लॅब आवळला, की त्या भोकांत लोखंडी पाइप उभे करता येतात. त्यांना वर एक, मध्ये एक अशा दोन आडव्या नळ्या बांधायच्या. वरची साधारण साडेतीन फुटांवर, मधली तिच्या निम्म्यावर. आणि अगदी पायाशी चार इंचांची उभी फळी. ती माणसासाठी नाही. थापी, विटेचा तुकडा, घमेले खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात जाऊ नये म्हणून. तिचा विसर बहुतेकांना पडतो. भोके ठेवायची राहिली असतील तर बीमच्या बाहेरच्या अंगाला शिकंज्याने घट्ट बसणारे खांब भाड्याच्या सेंटरिंगवाल्याकडे चौकशी केल्यास मिळू शकतात, नाहीतर गावातला वेल्डर ते बनवून देतो.

हा कठडा किती मजबूत हवा? अमेरिकेच्या नियमात वरच्या नळीने दोनशे पौंडांचा, म्हणजे नव्वद किलोंचा रेटा बाहेरच्या किंवा खालच्या बाजूला सोसला पाहिजे अशी अट आहे. आपल्या हिशेबाने, उसाची मोळी खांद्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणारा तगडा गडी धावत येऊन आदळला तरी ती तुटता कामा नये. सुतळीने बांधलेले दोन बांबू या परीक्षेत टिकत नाहीत. बांबू वापरायचाच तर पक्का, न किडलेला घ्यावा आणि दुहेरी बाइंडिंग वायरने आवळावा. नुसती रंगीत पट्टी किंवा दोरी ताणली म्हणजे कठडा झाला, असेही नाही. दोरी फक्त खूण सांगते, अडवत नाही. खूणच करायची तर ती अगदी कडेला न करता सहा फूट आत करावी. म्हणजे दोरीला अडखळलेला माणूस आतल्या अंगालाच पडेल.

कडेइतकेच धोक्याचे असते ते स्लॅबच्या मधले भोक. जिन्याची मोकळी जागा, डक्ट, पाण्याच्या टाकीसाठी सोडलेला चौकोन. त्यावर प्लायचा तुकडा टाकून ठेवायची आपली पद्धत. हा तुकडाच घात करतो. दोन-चार दिवसांनी कुणाला तरी प्लाय हवा असतो. तो दोन्ही हातांनी उचलतो, प्लाय तोंडासमोर येतो, आणि पुढचे पाऊल टाकतो ते थेट भोकात. म्हणून झाकण खिळ्यांनी पक्के करावे आणि त्यावर रंगाने ‘खाली भोक आहे’ असे ठळक लिहावे. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी मोठी फुली. शिडीचेही असेच. शिडी स्लॅबच्या वर निदान तीन फूट आलेली हवी आणि वरच्या टोकाला बांधलेली हवी. वर टोक आले नाही, तर उतरताना माणूस पालथा होऊन पायाने पायरी चाचपतो, आणि शिडी सरकते. खाली किती अंतर सोडायचे त्याचा सोपा ठोकताळा असा : उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढे. बारा फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून तीन फुटांवर.

कित्येक जण विचारतील, कठड्याची एवढी यातायात कशाला, सरळ कामगाराला सेफ्टी बेल्ट द्यावा. बेल्ट चांगलाच, पण त्याचा एक हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. बेल्टची दोरी सहसा सहा फुटांची, म्हणजे १.८ मीटरची असते. तिच्यात झटका शोषून घेणारी जी गुंडाळी असते, ती उलगडली की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. बेल्टची पाठीमागची कडी ते पायाचा तळवा हे अंतर दीड मीटर. वर मोकळे एक मीटर तरी हवे. बेरीज होते सहा मीटर, म्हणजे वीस फूट. याचा अर्थ असा, की दहा फुटी स्लॅबच्या पृष्ठभागावर दोरी अडकवून कडेला काम करणारा माणूस पडला, तर दोरी ताणली जाण्याच्या आधी तो जमिनीवर आदळलेला असेल. बेल्ट अंगावर आहे आणि उपयोग शून्य. उलट बेल्ट आहे म्हणून माणूस बेफिकीर.

दहा-पंधरा फुटांच्या कामाला बेल्ट वापरायचा तर तो वेगळ्या रीतीने. आपण गायीला दावे बांधतो ते ती पडेल म्हणून नव्हे, शेजारच्या शिवारात तोंड घालू नये म्हणून. खुंटीपासून बांधापर्यंत अंतर मोजतो आणि दावे त्याहून दोन हात आखूड ठेवतो. माणसाची दोरीही तशीच हवी : कडेपर्यंत पोचूच नये इतकी आखूड. पडल्यावर झेलण्याचा प्रश्नच मग येत नाही. आणि खुंटी? ती पाण्याच्या टाकीची नळी नाही, ओल्या विटांचे बांधकाम नाही, खिडकीची जाळीही नाही. पक्क्या झालेल्या कॉलमला किंवा बीमला दोर घेतला पाहिजे. कमरेचा जुना पट्टा तर आता टाकूनच द्यावा. त्यावर लोंबकळलेल्या माणसाचा सगळा भार कमरेवर आणि पोटावर येतो. खांदे, छाती, मांड्या सगळ्यांवरून जाणारा पूर्ण पट्टा आणि त्यावर आयएसआयची खूण बघून घ्यावी. आणखी एक. पट्ट्यावर लटकलेल्या माणसाला तासभर ‘आता बघू कसं काढायचं’ म्हणत लटकत ठेवू नये. मांड्यांवर पट्टा आवळून रक्त खाली अडते आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. खाली कसे घ्यायचे ते काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे.

माणूस पडणारच नाही अशी व्यवस्था आधी, पडल्यावर झेलण्याची नंतर, असा हा क्रम आहे. तरी झेलण्याची व्यवस्था कुचकामी असते असे मात्र नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ गोल्डन गेट हा प्रचंड झुलता पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्या काळी दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस जायचाच, असा तिथल्या ठेकेदारांचा ठोकताळा होता. ठोकताळाच, जणू सिमेंटच्या पोत्यांसारखा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी तो मान्य केला नाही. कामगारांना डोक्यावर टोपी सक्तीची केली आणि पुलाखाली सर्व लांबीभर दोरखंडाचे जाळे ताणले. खर्च झाला सव्वा लाख डॉलरच्या वर. त्या जाळ्यात एकोणीस माणसे पडली आणि जिवंत परत आली. ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेली मंडळी’ असा त्यांनी आपला एक संघच काढला. जवळजवळ चार वर्षांत त्या पुलावर एकच मृत्यू झाला होता. मग १७ फेब्रुवारी १९३७ रोजी काम संपत आलेले असताना एक जड फलाट तुटून जाळ्यावर कोसळला, जाळे फाटले, बारा माणसे पाण्यात गेली आणि त्यांतली दहा दगावली. जाळे माणसासाठी विणलेले होते, लोखंडासाठी नव्हे. जे साधन ज्या भारासाठी केले त्याच भाराला ते उपयोगी पडते, हे त्या दिवसाने सगळ्या जगातल्या अभियंत्यांना दाखवले.

आता पत्र्यांविषयी, कारण कारखान्याचा आणि आपल्या गोठ्यांचा संबंध स्लॅबपेक्षा पत्र्याशी जास्त. साखरेची गोदामे, वर्कशॉप, जुने गोठे यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. हे पत्रे दिसतात दगडासारखे आणि तुटतात खापरासारखे. ऊन-पावसात पंचवीस-तीस वर्षे काढलेला पत्रा सूचना न देता फुटतो. पायाखाली कुरकुर नाही, वाकणे नाही, एकदम भोक. मध्ये उजेडासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे पत्रे तर त्याहून वाईट, कारण बॉयलरची राख आणि धूळ बसून त्यांचा रंग शेजारच्या पत्र्यासारखाच झालेला असतो. कोणता कुठला ते वरून ओळखत नाही. ‘बोल्टच्या रेषेवरून चाललं की काही होत नाही’ असे जुने गडी सांगतात. खाली अँगल असतो म्हणून. पण बोल्टची रेषा चार बोटांची आणि पाऊल त्याहून रुंद, हातात सामान. आडवा वारा आला, की पाय रेषेवर राहत नाही.

म्हणून सिमेंटच्या पत्र्यावर माणूस कधीही थेट उभा राहू नये. दोन-तीन अँगलवर टेकेल अशी लांब, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी टाकावी आणि तिच्यावरूनच चालावे. फळ्या दोन तरी हव्यात. एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता येते. एकच असेल तर ती सरकवायला माणूस पत्र्यावर उतरतोच. शक्य असेल तिथे पत्रा खालून, परांची बांधून बदलावा. गोदामाची उंची बघता खाली जाळे लावणे बरे, आणि काम चालू असताना खालचा भाग रिकामा ठेवावा. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्याचा गळका पत्रा बघायला आपण स्वतःच वर चढतो, तेव्हाही हेच लागू. सध्या पीएम सूर्यघर योजनेमुळे, २०२४ पासून, घरोघरी छपरावर सौर पॅनेल आली आहेत. त्यांची धूळ पुसायला महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी वर जाते. पॅनेल बसवणाऱ्याला सुरुवातीलाच विचारावे, की पुसणारा उभा कुठे राहणार? कडेकडे पाठ करून उभे राहावे लागत असेल, तर त्याच वेळी पॅनेल आत सरकवून घ्यावीत.

कायद्याचेही थोडे सांगायला हवे. कारखान्यांसाठी १९४८ चा आणि बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा असे दोन अधिनियम होते. ते आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कारखान्यात तपासणीला अधिकारी येतात. आपल्या वस्तीवरच्या बांधकामाकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा ठेकेदाराशी बोलणी करताना, चौरस फुटाच्या दराबरोबर तात्पुरत्या कठड्याचा खर्च कुणाचा, हे कागदावर लिहून घ्यावे. लिहिले नाही तर तो कुणाचाच नसतो. घरी कामाला येणारा गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाला यांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. वय अठरा ते साठ आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असेल तर नोंदणी होते, आणि अपघातात त्याच्या घरच्यांना मदत मिळू शकते. आपल्यातल्या कित्येक अल्पभूधारक सभासदांची मुले आज याच कामावर जातात, हे विसरून चालणार नाही.

दुर्दैवाने कुणी पडलाच, तर चौघांनी हातपाय धरून उचलून ट्रॉलीत घालण्याची जी आपली रीत आहे, ती आधी थांबवली पाहिजे. पडलेल्याच्या मणक्याला तडा गेला असेल, तर त्या एका उचलण्याने आयुष्यभराचे पाय जातात. त्याला बसवू नये, पाणी पाजू नये, डोके आणि मान एका रेषेत स्थिर धरून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. गाडी यायला फारच उशीर असेल, तर सेंटरिंगची फळी किंवा घराचे दार काढून, अंग न वळवता चार-पाच जणांनी एकदम त्यावर घ्यावे आणि बांधून न्यावे.

पडणारा माणूस खातेदार शेतकरी असेल, किंवा त्याच्या घरातला एक सदस्य असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघातही धरला जातो. २०२३ पासून ही योजना विमा कंपनीमार्फत न राहता थेट अनुदानाची झाली. वय दहा ते पंच्याहत्तर असावे लागते. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो. सातबारा, वयाचा दाखला, पोलीस पंचनामा, आणि मृत्यू असल्यास मृत्यूचा दाखला व वारसाची कागदपत्रे लागतात. दुःखाच्या दिवसांत पंचनामा करून घ्यायचे राहते आणि पुढे अर्ज अडतो. म्हणून पडण्याची घटना घडल्या दिवशीच शेजाऱ्यांपैकी एकाने पोलीस ठाण्यात खबर देण्याचे काम अंगावर घ्यावे.